लाल कुंपणाचं फाटक

अब्बा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, इथे आखातात मुऐदरच्या पुढचं ते हरणांचं शेत आता माझ्या हाताखाली आहे, माझी मुलं तुम्हाला फक्त फोटोत ओळखतात, आणि तरी फाटकाची कडी वाजली की माझं डोकं फिरतं. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची सोय होती कुठे?

खेडच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही ड्रेसर होतात, इथे शेताच्या मालकाच्या, अरबाबच्या, वाळवंटी रीम हरणांचे सर्वेसर्वा झालात. तुम्ही येण्याआधी अख्खं शेत म्हणजे एकच कळप. हिवाळ्यात अरबाबचे पाहुणे शिकारीला यायचे, परवानगी सगळ्या शेताची, म्हणून जो तो रस्त्याजवळचीच हरणं मारायचा, आणि लांबच्या कोपऱ्यात दाटी होऊन रोग माजायचा. तुम्ही त्या कळपाचे पाच भाग केलेत. मधे जाळी, आणि प्रत्येक फाटकाला वेगळ्या रंगाची चिंधी. पाहुण्याच्या गाडीच्या आरशाला तुम्ही ज्या रंगाची चिंधी बांधाल त्याच कुंपणातला एक म्हातारा नर त्याने मारायचा, चिंधी परत द्यायची, खलास. ज्या कुंपणात आजार, त्याची चिंधी तुमच्या खिशातून बाहेरच येत नसे. बादल्या वेगळ्या, घमेली वेगळी. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी तुमच्या हाताखाली आलो आणि पहिल्याच आठवड्यात हिरव्याची बादली पिवळ्यात नेली. ‘तुला कोनी सांगितला बादली हलवायला?’ सगळ्या गड्यांसमोर तुम्ही ती बादली वाळूत ओतलीत आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मग शुक्रवारी अल मन्सूराच्या बाजारातून माझ्यासाठी गमबूट आणलेत. ‘हे फकस्त हिरव्यात घालायचे,’ एवढंच म्हणालात. ती भेट होती की शिक्षा, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्याच हिवाळ्यात लाल कुंपणात खोकला सुरू झाला. हरणांच्या नाकातून पाणी गळायचं, ती चाऱ्याला तोंड लावत नव्हती. तुम्ही फाटकाला साखळी घातलीत. आणि नेमका तेव्हाच मामूंचा फोन आला, अम्मीला रत्नागिरीला दवाखान्यात ठेवलंय, ती म्हणतेय दोघंही या. तुम्ही फोन ठेवलात आणि मला म्हणालात, ‘कलप सोडून जाता येत नाय. तू जा.’ मी गेलो. अम्मी माझ्या मागे दरवाजाकडे बघत होती. ‘ते नाय आले?’ मी म्हणालो, येतायत. शेवटपर्यंत तिने तोंड दरवाजाकडेच ठेवलं होतं. मी परत आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘माती कुठं दिली?’ मी सांगितलं, चिंचेच्या बाजूला. तुम्ही मान हलवलीत आणि घमेलं उचलून लाल कुंपणाकडे गेलात. तेव्हासुद्धा मी स्वतःची समजूत घातली, की माणूस कामाला असा बांधलेला असतो, अब्बांना खरंच निघता आलं नसेल.

आणि मग अरबाबचे वडील आले. चालता येत नव्हतं, गाडीतच बसलेले, मांडीवर शाल. ते तुम्हाला म्हणाले, लहानपणी वाळवंटात रीम पळायची ती सगळी एकत्र, मधे जाळी नव्हती, तेवढं एकदा बघायचंय. तुम्ही माझ्याकडे वळता. ‘उघड.’ मी म्हणतो, अब्बा, लाल कुंपणात खोकला आहे. ‘ठाऊक हाय. सगली उघड.’ मी कडी धरून तसाच उभा राहतो, तेव्हा तुम्ही स्वतः साखळी काढता. हरणं आधी बिचकतात, मग एक निघतं, आणि मग सगळीच. म्हातारा काचेला हात लावून बघतोय, आणि तुम्ही त्याच्या गाडीशेजारी उभे, गालांवरून पाणी वाहतंय आणि तुम्ही ते पुसतसुद्धा नाही. अम्मीची बातमी ऐकून तुमचे डोळे ओले झालेले मी पाहिले नव्हते.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. खोकला पाचही कुंपणांत गेला. माझी हिरव्यातली धडधाकट हरणं, त्यांच्यासाठी मी वेगळे बूट घालत होतो, ती आपण जेसीबीने खड्डा काढून पुरली. अरबाब रागावला नाही, इन्शाल्ला पुढच्या वर्षी, म्हणाला. तुम्ही पुन्हा जाळ्या दुरुस्त केल्यात, पुन्हा चिंध्या बांधल्यात, काही झालंच नाही अशा थाटात. हरणं गेली याचा मला राग नाही, अब्बा. कळप सोडता येत नव्हता ना? मग सोडलात की. एका परक्या म्हाताऱ्याने एकदा म्हटलं आणि सोडलात. अम्मीनेही एकदाच म्हटलं होतं.

परवा अरबाबच्या मुलाने मला तेच विचारलं, पाहुण्यांसाठी एक दिवस जाळ्या काढू या का. मी नाही म्हणालो. तो नाराज झाला, होऊ दे. साखळी मी तुमच्यासारखीच घालतो, चिंध्याही तुमच्याच रंगांच्या आहेत, आणि याचाही मला राग येतो.

ते गमबूट अजून आहेत. आत कागद कोंबला नाही तर मान टाकतात, म्हणून हे पत्र उजव्या बुटात जाईल. फक्त एक गोष्ट राहिली. त्या दिवशी सगळी हरणं एकत्र सुटली तेव्हा मीही कडी हातात धरून बघतच राहिलो होतो, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की अम्मीला हे दाखवायला हवं होतं. तुमच्या मनातही तेच होतं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.