कुंडीतल्या बागेचा सौदा

३ जून
घेतली! अकोल्याच्या एका डॉक्टरसाहेबांची कुंडीतल्या बागेची वेबसाइट आजपासून माही. दोन वर्षं हात लावला नव्हता त्यांनी, फुकटात दिल्यासारखी दिली. माह्या बी.एड.च्या फीचे पैसे मात्र सगळे गेले. दुरुस्त करायची, विकायची, नफ्यात फी भरायची. नाही विकली तर यंदा कॉलेज नाही, अन् घरात तोंड दाखवायची सोय नाही.
बाबाले सांगितलं. भाजीची पाटी तशीच हातात. "दिसत नाही, तोलता येत नाही, असं काय इकत आनलं वं? हवा?" नीट जेवले पण नाहीत.

११ जून
वेबसाइट कसली, उकिरडा! एक पान उघडेपर्यंत चहा होते. जिकडेतिकडे जाहिराती, निम्मे लेख इकडून तिकडून उचललेले. मले रडूच आलं.

१५ जून
दुपारी बाबासोबत बडनेऱ्याच्या बाजारात बसली. सकाळची उरलेली मेथी ते स्वस्तात उचलतात, पिवळी पानं काढतात, पाणी मारून नव्या जुड्या बांधतात. बरीच मेथी कचऱ्यात गेली. म्हटलं, एवढं फेकता?
"सडकं ठेवलं त चांगल्याले कोन हात लावन?"
घरी येऊन उचललेले अर्धे लेख उडवले, जाहिरातीही काढल्या.

२ ऑगस्ट
वाढले! वाचणारे तिप्पट! मिरचीच्या कुंडीवर मी नवा लेख लिहिला, त्याच्यावर तर लोक तुटून पडले. आई म्हणे, नाचू नोको, खाली भाडेकरू हायेत. नाचली.

२० सप्टें.
वेबसाइट विकायले काढली, पुण्याच्या एका साहेबाले पाहिजे. उद्या फोन. बाबांचा सल्ला, न विचारता: "भाव तू सांगू नोको. त्यालेच बोलू दे, अन् तू चूप राय."

२१ सप्टें.
साहेबांनी आकडा सांगितला. मी चूप.
"हॅलो? मॅडम, आहात ना?"
मी नुसतं "हं".
मंग स्वतःच वाढवला! घेतली त्याच्या चौपट! ओरडलीच मी. बाबा धावत आले, त्यांले वाटलं विंचू चावला. जिंकली रे बाप्पा!

२४ सप्टें.
करार आला. शेवटी एक अट: तीन वर्षं मी बागेवरची दुसरी वेबसाइट काढायची नाही. बाबाले वाचून दाखवली. भडकलेच.
"एक जुडी घेतली अन् बाजारातच बसू नोको म्हन्ते? मंग हा धंदा शिकली कायले तू?"
धंदा म्हणाले! या वेळी 'हवा' नाही म्हणाले. ऐकलं मी.
लिहून टाकलं: भाव तोच, अट काढा, नाही तर सौदा नाही. पाठवूनही टाकलं.

२५ सप्टें.
उत्तर नाही. फीची मुदत परवा संपते. एक फोन करू का, म्हणून मोबाइलले हात घातला तर बाबांनी तो उचलून आमच्या मधे ठेवला. "त्यालेच बोलू दे."
आज ते बाजारात गेले नाहीत. शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, काहून, तब्येत बरी हाय ना?
"पोरीचा सौदा चालू हाय," म्हणाले.
मधे मोबाइल, दोन बाजूले आम्ही दोघं. चूप.