यादी कुणाची होती

बेपूर,
१२ फेब्रुवारी

प्रिय दिवाकरन माश,

सप्रेम नमस्कार. वायनाडची थंडी तुमच्या गुडघ्याला सोसते का? इकडे सगळं ठीक. शाळेच्या फणसाला यंदा बुंध्यापासून कुयऱ्या धरल्यात. तुमच्या जागी आलेल्या चित्रकलेच्या बाई बऱ्या आहेत, पण मुलं सवयीने त्यांनाही 'टीचर'ऐवजी 'माश' म्हणतात आणि मग जीभ चावतात.

फिल्म क्लबची खोली वर्षभर बंद होती. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

आपल्या क्लबातल्या फिदाचे आजोबा, कुंजालवी मूप्पन, तिचं शूटिंग संपलं आणि आठवड्यात गेले. गोदीतल्या खलाशांचे म्होरके. त्यांनी हाळी दिल्याशिवाय नवं जहाज पाण्याकडे हलत नसे. ती हाळी पुरती कुणालाच येत नाही. फिदाच्या फिल्ममध्ये त्यांच्या दाढीचा केस न् केस दिसतो. आवाज मात्र नुसता वाऱ्याचा. "टीचर, उप्पुप्पांचे ओठ हलतायत," एवढंच ती म्हणाली होती.

कोळिक्कोडच्या त्या दुकानात क्लबचं सामान घेताना तुम्ही मला किती समजावलंत. "कॅमेरे साधे घेऊ, टीचर. माइक मात्र चांगला हवा, वारा अडवणारा. चित्र जरा मळकं असलं तरी लोक चालवून घेतात, ऐकू आलं नाही की उठून जातात."

"मग उद्घाटनाला पाहुण्यांना काय माइक दाखवू?" मी म्हणाले. दुकानदार हसला. मी मोठा कॅमेरा उचलला. पेपरात फोटो आला, कॅमेऱ्याशेजारी मी.

चूक तेवढीच असती तर तुम्हाला पत्र टाकायला मला वर्ष लागलं नसतं.

मार्चच्या पालकसभेत फिदाची आई सुहरा उभी राहिली. "हे सामान निवडलं कुणी?" तुम्ही मागच्या बाकावर होतात. मी म्हणाले, "यादी माशांची होती." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग खाली. एक शब्द बोलला नाहीत. जूनमध्ये बदली मागून घेतलीत, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, माश त्यांच्या आईच्या आजारपणासाठी गेले म्हणून.

कालच्या सभेत मी उभी राहून खरं काय ते सांगितलं. सुहरा शांतपणे म्हणाली, "आम्हाला तेव्हाच कळलं होतं, टीचर. माशांनी तुमची अब्रू राखली, मग आम्ही ती कशाला घालवायची?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणखी एक. गोदीतले दोन म्हातारे खलाशी ती फिल्म पुन्हापुन्हा पाहून मूप्पनच्या ओठांवरून हाळी जुळवतायत. भांडतात, एकमेकांना 'बहिऱ्या' म्हणतात, पण अर्धीअधिक जुळली आहे. ती भरून घ्यायला मी माइक आणला, तुम्ही सांगितला होतात तसाच. फिदा त्याला कुणाला हात लावू देत नाही. "माश आले की," म्हणते.

तुम्हाला बोलावण्याचा हक्क मी घालवून बसले. हे बोलावणं फिदाचं समजा. तुम्ही याल त्या दिवशी मी समोर यावं की नाही, ते तुम्हीच कळवा.

तुमच्या गप्प राहण्याआड वर्षभर लपलेली,
तंकमणी