कस्तुराची अंडी

पुनावळे

चि. धनेश यास अर्जुनदाजींचे अनेक आशीर्वाद.

तुझी आणि मुलाबाळांची तब्येत ठीक असेल. तुझ्या मुळव्याधीची चौकशी तुझी अक्का, म्हणजे आमची रंभा, रोज फोनवर गल्लीला ऐकू जाईल अशी करतेच, तेव्हा मी वेगळी करत नाही. इकडची हकीकत अशी की, अक्काला इस्पितळाने घरी पाठवलं आहे. बरी झाली म्हणून नव्हे. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना आवडेल ते करू द्या. आणि तुझ्या अक्काला काय आवडावं, तर सरडा.

वरच्या खोलीतला भाडेकरू रविराज नोकरी गेल्यावर उंबऱ्यावर किल्ली ठेवून पसार झाला. (सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, भाडेकरूची थेट बंगळुरूपर्यंत असते.) त्याच्या मोरीत हे हातभर लांब, हिरवं, उपाशी जनावर सापडलं. इग्वाना म्हणतात, परदेशी असतं. गल्लीने मात्र घोरपड ठरवून टाकली, आणि शेजारचे अण्णासाहेब गुडघ्यासाठी तेल निघेल का विचारायला बाटली घेऊनच आले. अक्का अंथरुणातून उठली, तिने त्यांना बाटलीसकट परत पाठवलं, जनावराला शेवग्याचा पाला चारला आणि नाव ठेवलं कस्तुरा. किती दिवसांनी ती आपणहून उठली होती! मग कस्तुराने (ती बाई निघाली) तुळशीशेजारची माती उकरून अंडी घातली.

अक्काने जाहीर केलं, पिल्लं बघितल्याशिवाय मी जात नाही. झालं, मी कामाला लागलो. आधी गल्लीतल्या केसरबाईंची खुडूक कोंबडी मागून आणली. ती ऐटीत अंड्यांवर बसली, तेवढ्यात अंड्यांची खरी आई बघायला आली. कोंबडी भिंतीवरून गेली ती अजून परतलेली नाही, आणि केसरबाई माझ्याशी बोलत नाहीत. मग थर्माकोलची पेटी, ओली वाळू आणि बल्ब असा संसार मांडला. चाकणच्या कंपनीत जन्मभर नऊशे अंशांच्या भट्ट्या सांभाळल्या, पण इथे तीस अंश सांभाळताना घाम फुटतो. त्यात आमचा इन्व्हर्टर म्हातारा. वीज गेली की एकतर पेटीचा बल्ब, नाहीतर अक्काचा पंखा. ती म्हणते, "पंखा बंद करा. मी काय, गार व्हनारच हाय." आणि वर मी हसलो की नाही ते बघते. मी हसतो. मग मोरीत जाऊन तोंड धुतो.

बाकी सर्व क्षेम म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. घरातल्या सर्वांना आशीर्वाद.

तुझा
अर्जुनदाजी

ता. क. हातात फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटलं असेल. फोनवर बोललो की अक्का ऐकते. जनावरांच्या डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलंय, नर नसताना घातलेल्या या अंड्यांत जीव नाही, त्यातून काही निघायचं नाही. तिला सांगायचं धाडस माझ्याने होत नाही. तुमच्या मुंबईत असली जनावरं मिळतात. एक लहानसं पिल्लू घेऊन ये (पावतीसकट, नाहीतर फॉरेस्टवाले मलाच पेटीत घालतील). मी एक अंडं फोडून त्याच्या शेजारी ठेवीन. एवढं तरी तिला पाहू दे.

आणखी एक ता. क. धना, मी अक्का. तुझे दाजी हे कागद उशाला ठेवून झोपलेत. अंडी रिकामी हायेत हे मला कवाच कळलंय, उजेडाला धरून बघितली मी. कोंबड्या बसवण्यात माजा जलम गेला. पन ह्यांना बोलले न्हाई. सकाळी उठले की आधी पेटीपाशी जातात, तीस अंश हाय म्हणून मला येऊन सांगतात, मंग च्या घेतात. मी गेल्यावर ह्यांना उठायला कायतरी पायजे, म्हणून पिल्लू आण. पाकीट मीच चिकटवते, त्यांना काय बोलू नगं. आन लवकर ये. मी फसले असं वाटून हे खूश व्हतील, तवाचं त्यांचं तोंड मला बघायचं हाय.