मागच्या फाटकाची गोष्ट

प्रिय चिंगी,

हे पत्र तुला वकीलबाईंच्या हातून मिळेल, दवाखान्यातून तू कुठे राहायला गेलीस ते त्यांनाच ठाऊक. तुझ्या मनगटाचं प्लास्टर निघालं, एवढं त्यांच्याकडून कळलं. सुई धरता येते का गं आता? की अजून बोटं आखडतात? तुझी वहिनी रोज विचारते आणि मी रोज ‘बरी असेल’ म्हणून वेळ मारून नेतो. दुकान चाललंय. परवा एक आजी हरवलेला चष्मा शोधत आल्या, तो त्यांच्या डोक्यावरच होता. तू असतीस तर आतल्या खोलीत पळून पोट धरून हसली असतीस. मी मात्र हसलो नाही. त्यांना आरसा दाखवला आणि पुन्हा चष्म्याची काच घासायला बसलो.

तू पहिल्यांदा मला सांगितलंस तेव्हाही मी काचच घासत होतो. आठवतं? काउंटरपाशी उभी राहून तू हळू आवाजात म्हणालीस, की नवरा बाहेर जाताना दाराला कुलूप लावून जातो, फोन काढून घेतो, आणि ‘माहेरी गेलीस तर तंगडी मोडीन’ असं हसत हसत म्हणतो. मी मान वर न करता म्हटलं, ‘रागीट आहे, पण मनाने वाईट नाही. अजून हात तर उचलला नाही ना? मग एवढ्यात कोर्टकचेरी कशाला?’ तू चहा अर्धाच ठेवून गेलीस. मला वाटलं, माझं पटलं तुला.

पुढे आठ महिन्यांनी तू त्याचं घर सोडून मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेलीस आणि एकटीच वकीलबाईंना भेटलीस. मला मागाहून कळलं. सगळं तारीखवार लिहून नेलं होतंस, त्याचे धमकीचे मेसेज जपून ठेवले होतेस, शेजारणीचा जबाबही मिळवला होतास. ही तीच मुलगी, जिचा गृहपाठ शाळेत मी लिहून द्यायचो! न्यायाधीशांनी त्याच दिवशी तात्पुरता मनाई हुकूम दिला. त्याने तुझ्या राहत्या खोलीच्या आणि तू काम करतेस त्या पडद्यांच्या कारखान्याच्या आसपास फिरकायचं नाही, फोन नाही, मेसेज नाही. हुकुमाची एक प्रत तू पर्समध्ये ठेवलीस, एक कारखान्याच्या वॉचमनला दिलीस आणि एक माझ्या हातात देऊन म्हणालीस, ‘दादा, नीट वाचून ठेव हं.’ मी ती न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकली. नवरा-बायकोच्या भांडणातला कागद, आज ना उद्या फाटेल, असं वाटलं मला. वाचली असती तर ‘स्वतः किंवा दुसऱ्या कोणामार्फत संपर्क साधू नये’ हे शब्द डोळ्यांखालून गेले असते. लोकांच्या नजरा तपासतो मी चिंगे, आणि घरातला कागद वाचत नाही.

आता जे लिहायचंय ते लिहिताना तिसऱ्यांदा पेन खाली ठेवलं. तो दुकानात आला होता. भर दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं. दाढी वाढलेली, खांदे पडलेले. डोळे तपासायच्या खुर्चीत बसला आणि ढसाढसा रडला. म्हणाला, ‘दादा, मला लांबून एकदा बघायचंय तिला. माफी मागतो आणि निघतो. कारखान्याच्या पुढच्या दारासमोर टपरीआड तीन दिवस उभा राहिलो, ती दिसतच नाही.’ त्या ‘तीन दिवस’वरच मी सावध व्हायला हवं होतं. हुकूम मोडल्याची कबुलीच दिली की त्याने! पण मी विरघळलो. मोठा भाऊ ना मी, मोडलेला संसार सांधणार! तू फोनवर मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी त्याला सांगून टाकली. म्हटलं, ‘ती हल्ली मागच्या फाटकाने निघते. साडेपाचला.’

दुसऱ्याच दिवशी त्याने तुझा हात पिरगाळला. वॉचमनने कागद दाखवल्यावर पोलिसांनी त्याला तिथल्या तिथे धरलं, म्हणून तेवढ्यावर निभावलं. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी उभा होतो. तू तुझ्या त्या कापड कापणाऱ्या मैत्रिणीला म्हणालीस, ‘मागच्या फाटकाचं फक्त तुलाच माहीत होतं.’ जिने तुला स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं, ती बिचारी रडत निघून गेली. आणि मी तुला पाणी पाजत होतो. माझ्याकडे तुझं लक्षही गेलं नाही. दादावर संशय घ्यायचं तुझ्या मनातही आलं नाही.

गेल्या आठवड्यात मी वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, ‘मी तुमच्या बहिणीची वकील आहे, तुमची नाही. जबाब देण्याआधी स्वतःसाठी दुसरा वकील बघा.’ मी नंतर तसा सल्ला घेतला. त्या दिवशी वकीलबाईंकडून निघताना मी त्यांना विचारलं, की तिने माझ्याकडे न येता पहिल्या धमकीलाच तुमच्याकडे यायला हवं होतं का? त्या म्हणाल्या, ‘हो. मार खाईपर्यंत थांबा असं कोणताही कायदा सांगत नाही. तसं नातेवाईक सांगतात.’

चिंगे, मंगळवारी हुकूम कायम करण्याची सुनावणी आहे. तो कोर्टात सांगतोय, ‘मी पडदे घ्यायला गेलो होतो, ती अचानक समोर आली.’ त्याला मागचं फाटक आणि साडेपाचची वेळ कशी कळली, हे सांगू शकणारा माणूस मी एकटाच. मी साक्ष देणार आहे. त्याने काय विचारलं, मी काय सांगितलं, सगळं. तू समोर बसलेली असशील. भर कोर्टात, परक्या माणसांसमोर तुला हे पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून हे पत्र. तुझ्या मैत्रिणीला मी काल भेटून खरं सांगितलं, तिची माफी मागितली. ती तुझ्या फोनची वाट बघतेय, एवढं मात्र कर. मला माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. आणि पुढे कधी माझा राग गेलाच, तरी तुझा पत्ता मला सांगू नकोस.

तुझाच,
दादा