वाटून खाल्लेल्या कॅप्सुली

मंगळवार, लातूर

डोकं अजून तापलेलंच आहे. माझ्या कुसुमला मुदतीचा ताप उलटला म्हणून तिला सासरहून, रेणापूरहून इथल्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, "औषध अर्धवट घेतलं. कमजोर जंतू मेले, चिवट उरले. ते आता त्या कॅप्सुलीला दाद देत नाहीत. दुसरं चालू केलंय, बघू." बघू म्हणजे काय?

अर्धवट का, ते खाटेशी बसल्या बसल्या व्हरांड्यातल्या बोलण्यावरून कळलं. हॉटेलच्या गल्ल्यावर बसून माझे कान तयार झालेत. पोरीची सासू एका बाईला सांगत होती, "आड आटला. टँकरचं पाणी पिऊन समदं घर तापलं. मग सूनबाईच्या कॅप्सुली समद्यांला वाटल्या. एकटीनंच कशाला खाव्या? आमच्यात दुजाभाव न्हाई."

वाटल्या! लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले, तशा. आणि वर अभिमान.

भांडखोर गिऱ्हाइकालाही मी हसत चहा पाजतो, पण आज उठलोच. तेवढ्यात विहीणबाई खाटेपाशी येऊन म्हणतात, "दादा, ह्या नव्यातल्या दोन द्या की. धाकट्याचं अंग कढत हाय."

"न्हाई." कॅप्सुलींचं पाकीट खिशात घातलं. "त्याला डॉक्टरकडं आणा. त्याचं औषध मी घेऊन देतो."

"पोरीच्या बापाला आपलीच पोर दिसती," त्या पुटपुटल्या. मी तोंड उघडलं, तर कुसुमनं हात धरला. "आण्णा, आणखी बोलू नका. बरी झाल्यावर मला तिथंच जायचंय."

बरी होणार, हे पोरगी धरूनच चालली आहे. मला तेवढंही धरवत नाही.