कोणतीही केळ दाबा

जळगाव, ९ जानेवारी १९९२

ती. आबा यांस,

सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा थंडीत फार कुरकुरत नसावा. आम्ही सारे ठीक.

लताला इथेच राहू द्यावे की धुळ्याला परत बोलावून शाळेत शिक्षिका म्हणून चिकटवावे, यावर तुम्ही माझे मत मागितलेत. पोरगी संगणकाचे प्रोग्राम लिहिते म्हणजे नेमके काय करते, हे आतोबाने स्वतः पाहून कळवावे, असा तुमचा हुकूम. त्याप्रमाणे सोमवारी तिच्याबरोबर सावद्याला गेलो. (खरे तर जाणे भागच होते. तिच्या प्रोग्रामची मराठी माहितीपुस्तिका मी लिहिली आहे. कॉलेजात वीस वर्षे मराठी शिकवतो, तेव्हा हे काम सोपे वाटले होते. तिने माझी पहिली चार पाने खोडली. म्हणाली, "आतोबा, छान आहे, पण यात काय करायचं ते कुठंय?")

सावद्याच्या केळी सोसायटीत वजनाचा हिशोब आता संगणकावर व्हायचा होता. पसंत पडला तर ठेवू, नाही तर यंत्र परत न्या, असे चेअरमननी आधीच बजावले होते. तसे झाले असते तर लताची नोकरीही गेली असती. लोटनभाऊ कारकुनांनी पुस्तिका उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला उठून बाहेर गेले. ओट्यावर घड रचलेले होते. त्यातल्या एकाला त्यांनी अंगठा लावला.

"ताई, दाबली. कच्ची हाये आखीन. आता काय करू?"

मी पुस्तिका हिसकावली. 'पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा' असे मी लिहिले होते. छापून आले होते 'केळ'. मुद्रिते मीच तपासली होती. (आबा, जन्म खानदेशात गेला, केळ दिसली तर डोळ्याला खटकणार कशी? तरीही दोष माझाच.) सगळी सोसायटी खो खो हसत होती. कोणी केळीचा वाण विचारला, "बसराई दाबू का श्रीमंती?"

लता मात्र हसली नाही. लोटनभाऊंना बसवून तिने विचारले, "याला तुम्ही काय म्हणता, भाऊ?"

"बटन."

"मग बटनच. आतोबा, 'कळ' सगळीकडून काढा." मग ती त्यांच्या मागे उभी राहिली, ते जिथे अडले ते टिपून घेत. चुकला तो माणूस नव्हे, आपला प्रोग्राम, असे तिचे म्हणणे. मी इतकी वर्षे उलटेच समजून विद्यार्थ्यांना नापास करत आलो.

संध्याकाळी चेअरमन म्हणाले, "बठ्ठे हसले, ही पोरगी हसली नाही. यंत्र राहू द्या."

आबा, असे काम करणारी मुलगी आपल्या घरात आहे. तिला परत बोलावू नका.

तुमचा,
सुकदेव

ता. क. : वरील मत निःपक्षपाती समजू नये. लताच्या कंपनीने मला पुस्तिका लिहायला पगारावर घेतले आहे. ती माझी साहेब.

ता. क. २ : कॉलेजचा राजीनामा काल दिला. तुमच्या बहिणीला अजून सांगितलेले नाही. तुम्ही थोरले भाऊ; रविवारी येऊन तेवढे सांगा. मी त्या दिवशी भडगावला असेन.