ठेंगूचे आकडे

४ फेब्रुवारी
चालला! ठेंगू चालला! शेडपासून फाटकापर्यंत, एकदाही न कलंडता. चार चाकं, पोटात बॅटरी, पुढे खाली-वर होणारी सळई — थांबतो, सळई मातीत खुपसतो आणि ओल किती ते माझ्या फोनवर कळवतो. आई म्हणाली, "तुझ्यापेक्षा सरळ चालतो गं." हसून हसून पोट दुखलं.

६ फेब्रुवारी
बाबांनी टोमॅटोचे दोन वाफे दिले! "पाणी कधी द्यायचं ते तुझा गडी ठरवेल. पण रोपं गेली, तर हा सगळा पसारा अडगळीत." कबूल! चाळीस वर्षं शेती केलेला माणूस, आणि शब्दाचा पक्का.

७ फेब्रुवारी
ठेंगू म्हणतो, माती कोरडी. बाबांनी चिमूटभर माती बोटांत चोळली — "चांगली ओल आहे की!" आता त्या बोटांपुढे माझी सळई काय! मुकाट्याने ठेंगूचे कोरडं-ओलं ठरवणारे आकडे बाबांच्या सांगण्याप्रमाणे बदलले. आता दोघांचं एकमत! नाचावंसं वाटतंय.

९ फेब्रुवारी
एकमत. पाणी नाही.

११ फेब्रुवारी
रोपांनी माना टाकल्या. दोन्ही वाफ्यांत! ठेंगू म्हणे ओल आहे, बाबा म्हणे ओल आहे — मग रोपांना काय धाड भरली? बाबांनी अडगळीचं नावसुद्धा काढलं नाही. नजर चुकवून घरात गेले. मला रडूच आलं.

१२ फेब्रुवारी
चिडून शेवटचा उपाय केला. वाफ्यातली माती तोलली, ओव्हनमध्ये वाळवली, परत तोलली. (आई — "अगं, त्यात मी केक करते!") वजन जेमतेम घटलं. म्हणजे मातीत पाणी नव्हतंच. ठेंगूचा पहिला आकडा बरोबर होता! मीच शहाणपणा करून त्याला बिघडवलं. आकडे होते तसे केले, पाणी सोडलं, संध्याकाळी रोपं ताठ! ओरडतच बाबांकडे धावले — "बाबा, तुमची बोटं चुकली!" आनंदाच्या भरात बोलून गेले.

१३ फेब्रुवारी
सकाळी बाबा स्वतःहून शेडमध्ये आले. स्टुलावर बसून बोटं चोळत राहिले. "गेल्या पावसाळ्यापासून यांना काही कळत नाही. गार नाही, गरम नाही, ओलं नाही. म्हणून तर वाफे दिले तुला. त्या दिवशी ओल आहे म्हणून उगाच ठोकून दिलं मी... तू माझं ऐकशील असं वाटलं नव्हतं."